बार्न्स शाळेचं वय नक्की किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई नाशिकच्या मराठी हिंदू घरातली, १९५४ साली देवळालीच्या बार्न्स शाळेत दाखल झाली. घरात कुणी ख्रिस्ती नाही, इंग्रजी बोलणारं नाही. आजोबांनी मुलीला मुलांबरोबर एका शाळेत कसं घातलं, आणि त्या शाळेने तिला घेतलं कसं, याचं घरात अजून कोडं आहे. त्यात शाळेचं साल कुणी १७१८ सांगतं, कुणी १८१५, कुणी १९२५. आणि एका नातेवाइकाने ठणकावून सांगितलंय की या मिशनरी शाळांचा मराठीशी काडीचा संबंध नव्हता.

मी इतिहासाचा मास्तर. निवृत्तीनंतर शाळांच्या शताब्दीच्या स्मरणिका काढायला मदत करतो, म्हणजे मुख्यत: कपाटातली जनरल रजिस्टरं (मुलांच्या प्रवेशाच्या नोंदवह्या) झटकत बसतो. त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी वय. तुम्ही ऐकलेली तिन्ही सालं खोटी नाहीत, पण ती तीन वेगवेगळ्या गोष्टींची आहेत. १७१८ हे मुंबईच्या कोटातल्या एका धर्मादाय शाळेचं, १८१५ हे शाळा चालवणाऱ्या संस्थेचं आणि १९२५ हे देवळालीच्या शाळेचं. ही गल्लत मी स्वत: केलेली आहे. एका शाळेच्या (नाव नको) स्मरणिकेत मी कमानीवरचं साल बेधडक छापलं. पुढे तिथलं सगळ्यात जुनं रजिस्टर हाती आलं, तर पहिल्या पानावरचा पहिला मुलगा चारशेच्या पुढच्या नंबरचा! म्हणजे शाळा आधीपासून चालू होती, कमानीवर नुसत्या इमारतीचं साल होतं. स्मरणिका वाटून झाली होती. तेव्हापासून मी ‘स्थापना कधी’ हा प्रश्न सुटा विचारत नाही. संस्था कधी, वर्ग कधी, इमारत कधी आणि मुली कधी, असे चार प्रश्न विचारतो. तुमच्या प्रश्नाला चौथा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

१७१८ साली मुंबई म्हणजे तटबंदीतलं गाव. रिचर्ड कॉब नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या पाद्र्याने सेंट थॉमस चर्च त्या वर्षी नाताळात उपासनेला खुलं केलं. याच चर्चकडे जाणाऱ्या तटाच्या दरवाजाला चर्चगेट म्हणत, आणि आज लोकलच्या पाटीवर आपण ते नाव वाचतो. चर्चला लागून कॉबने गरीब मुलांसाठी फुकट शाळा काढली. मुलं १२, मास्तर एक. मुली नाहीत. पुढे जवळजवळ शंभर वर्षं हे रोपटं तेवढंच राहिलं, म्हणून तिथे रेंगाळण्यात अर्थ नाही.

खरी हालचाल १८१३ च्या सनदेनंतर झाली. हिंदुस्थानातल्या शिक्षणावर वर्षाला एक लाख रुपये खर्चावेत असं पार्लमेंटने कंपनीला लिहून दिलं ती हीच सनद. तिच्यातच कलकत्त्याला एक बिशप आणि त्याच्या हाताखाली आर्चडीकन नेमायचं ठरलं. मुंबईला आलेला पहिला आर्चडीकन जॉर्ज बार्न्स. तो १८१४ मध्ये आला, आणि १८१५ मध्ये त्याने शहरातल्या इंग्रज मंडळींना जमवून एक संस्था काढली. तिच्या लांबलचक नावाचा अर्थ ‘मुंबई सरकारच्या मुलखातल्या गरिबांच्या शिक्षणासाठी मंडळी’ असा. पुढे सुटसुटीत नाव रुळलं, बॉम्बे एज्युकेशन सोसायटी. कॉबची जुनी शाळा तिने आपल्याकडे घेतली.

यातले ‘गरीब’ कोण? तेव्हा पुण्यात अजून पेशवाई होती, कंपनीची फौज वाढत होती, गोरे शिपाई तापाने आणि पटकीने पटापट मरत होते. मागे राहणारी मुलं बहुतेक वेळा इथल्या बायकांपासून झालेली. पलटण त्यांना सांभाळत नव्हती, आईच्या नातेवाइकांत थारा नव्हता. ना इकडची, ना तिकडची. बार्न्सची संस्था मूळ या पोरांसाठी. त्यांना अन्न, कपडे, बायबल, अक्षरओळख आणि पोट भरण्यापुरतं काम शिकवायचं, एवढाच बेत होता.

इथे तुमच्या नातेवाइकांची एक चूक दुरुस्त करतो. ही ‘मिशनरी’ शाळा नव्हे. मिशन म्हणजे धर्मप्रसारासाठी परदेशातल्या चर्चने पाठवलेली माणसं. तशी अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ मध्येच मुंबईत उतरली होती आणि कंपनी सरकारने त्यांना परत घालवायचा बराच खटाटोप केला होता. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ चे. बार्न्स मात्र कंपनीच्या पगारावरचा, सरकारी चर्चचा माणूस. त्याची शाळा ख्रिस्ती होती, इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकावर चालणारी होती, पण तिचा सगळा कारभार गव्हर्नर आणि कौन्सिलरांच्या आश्रयाने. आपल्याकडे अशी कुठलीही शाळा दिसली की ‘कॉन्व्हेंट’ म्हणून मोकळे होतात. बार्न्सला कॉन्व्हेंट म्हणणारे नाशकात आजही भेटतील, पण जोगिणींचा (नन्सचा) आणि त्या शाळेचा कधी संबंध नव्हता. हा फरक कीस काढण्यासाठी सांगत नाही. १९५४ च्या कोर्टकज्ज्यात ही शाळा कायद्याने अँग्लो-इंडियन, म्हणजे मिश्र युरोपीय वंशाच्या समाजाची, गणली जात होती याला महत्त्व होतं.

शिकवण्याची रीत मद्रासची. डॉ. अँड्र्यू बेल नावाचा पाद्री मद्रासच्या लष्करी अनाथाश्रमात होता. मास्तर कमी, मुलं फार. त्याने गावठी शाळेत पोरं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिली आणि आपल्या आश्रमात तेच सुरू केलं. मोठ्या मुलाने लहानांना शिकवायचं, मास्तराने मोठ्यांवर नजर ठेवायची. ही पद्धत बेलने १७९७ मध्ये इंग्लंडात छापून आणली, तिथे तिची चलती झाली आणि ‘मद्रास पद्धत’ म्हणून ती बोटीने परत मुंबईला आली. बार्न्सच्या संस्थेने तीच उचलली. आपल्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर मुळाक्षरं घोटून घेणारा थोरला विद्यार्थी शतकानुशतकं होताच. तोच गडी टोपी घालून इंग्लंडची वारी करून आला, इतकंच.

आता मराठीचा मुद्दा.

संस्थेने काही वर्षांतच देशी मुलांसाठीही शाळा उघडल्या. मुंबईत उघडल्या, शिवाय ठाणं आणि सुरतेलाही शाळा काढल्या. देशी मुलांवर ख्रिस्ती धर्माचं शिक्षण लादायचं नाही असं धोरण होतं. पण लवकरच लक्षात आलं की गोऱ्या अनाथांची शाळा आणि देशी पोरांची शाळा एका गाडीला जुंपता येत नाही. पुस्तकं वेगळी, भाषा वेगळी, पालकांच्या शंका वेगळ्या. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा गव्हर्नर आणि संस्थेचा अध्यक्षही. १८२० मध्ये देशी शाळा आणि पुस्तकांसाठी वेगळी समिती झाली, आणि १८२२ मध्ये त्या समितीची स्वतंत्र संस्थाच झाली. मराठीत तिला त्या काळी ‘हैंदशाळा शाळापुस्तक मंडळी’ म्हणत. १८२७ मध्ये तिचं नाव बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झालं. तिचा चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस, नेटिव्ह सेक्रेटरी सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे, आणि छत्र्यांच्या मागून त्या जागी बाळशास्त्री जांभेकर. नाना शंकरशेटही याच मंडळीत. गणित, भूगोल, नीतिकथा यांची छापील मराठी शालेय पुस्तकं इथून निघाली. अंकगणितातल्या पारिभाषिक शब्दांसाठी शास्त्री आणि इंजिनिअर शेजारी बसून झगडले ते या मंडळीच्या कचेरीत. एल्फिन्स्टन विद्यालयाचं मूळही इथलंच.

म्हणजे नातेवाइकांना सांगा की ज्या संस्थेने देवळालीची इंग्रजी शाळा काढली, तिच्याच पोटातून मराठी क्रमिक पुस्तकांचा कारखाना निघालेला आहे. दोघी एका आईच्या, लहानपणीच वेगळ्या घरी वाढल्या. जर्व्हिस तर पुढे १८४० च्या दशकात शिक्षण मंडळात देशी भाषांची बाजू घेऊन अध्यक्ष अर्स्किन पेरीशी भांडला. पेरीला सगळं वरचं शिक्षण इंग्रजीत हवं होतं. जर्व्हिस आणि नाना शंकरशेटांसह मंडळातले देशी सभासद म्हणत होते की लोकांना त्यांच्या भाषेत शिकवा.

या वाटणीतली एक गोष्ट मात्र मला दरवेळी खटकते, आणि ती फार कुणी बोलत नाही. १८२२ ला संस्थेची दोन शकलं झाली तेव्हा मुली एकाच बाजूला राहिल्या. युरोपीय बाजूच्या शाळेत मुलगे आणि मुली दोन्ही होते, कारण मेलेल्या शिपायाच्या मागे पोरगीही राहतेच, आणि तिला रस्त्यावर सोडता येत नाही. देशी बाजूच्या मंडळीने मुलींच्या शिक्षणाला हातच लावला नाही. लोकांच्या रूढीत ढवळाढवळ नको, हे सरकारी धोरण. त्यामुळे मुंबईत मराठी मुलींना अक्षर शिकवायचं काम मिशनऱ्यांच्या बायकांवर पडलं. अमेरिकन मिशनने १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली, मार्गारेट विल्सनबाईंनी १८२९-३० मध्ये. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंची शाळा १८४८ ची. नेटिव्ह सोसायटीच्या पुस्तकांवर मराठी मुलगे शहाणे होत होते, आणि त्यांच्या बहिणी घरात.

युरोपीय बाजू १८२० च्या दशकात कोटातून भायखळ्याला गेली. तेव्हाचं भायखळा म्हणजे बागा, बंगले आणि मोकळी हवा. शेजारी क्राइस्ट चर्च उभं राहिलं ते १८३० च्या दशकात. तिथली क्राइस्ट चर्च स्कूल आजही चालू आहे, याच संस्थेची. भायखळ्याला मुलगे आणि मुली एका संस्थेच्या छपराखाली होत्या, पण वर्ग वेगळे, निजायच्या खोल्या वेगळ्या, भविष्यही वेगळं. मुलाने कारकून, तारमास्तर, रेल्वेतला गार्ड व्हायचं. मुलीने शिवण शिकायचं, आया किंवा मास्तरीण व्हायचं, नाहीतर लग्न करायचं. याला सहशिक्षण म्हणायचं का? माझ्या मते नाही. सहवसती म्हणा.

लोक विचारतात, इतक्या कडक ख्रिस्ती मंडळींनी मुलगे-मुली एकत्र ठेवले तरी कसे? कारण तत्त्वाचा प्रश्न नव्हताच, खर्चाचा होता. एक स्वयंपाकघर, एक डॉक्टर, एक प्रार्थनामंदिर. दोन ठिकाणी दोन संसार मांडायला पैसा कुठून आणायचा? शिवाय अनाथ पोरं बहुधा भावंडांच्या जोडीने यायची. सिमल्याजवळच्या सनावरला हेन्री लॉरेन्सने सैनिकांच्या मुलांसाठी आश्रम काढला १८४७ मध्ये, तोही मुलगे-मुली दोघांसाठी. तिथेही अडचण तीच होती. आपल्याकडे सहशिक्षणावर वर्तमानपत्रांत वाद रंगले ते नंतर, आणि ते तत्त्वाचे. सैनिकी अनाथांच्या शाळांनी तो प्रश्न कधीचाच गुपचूप, हिशेबाच्या वहीत सोडवला होता.

रजिस्टरात हे कसं दिसतं ते सांगतो. बार्न्सचं नव्हे, अशाच जातीच्या दुसऱ्या एका जुन्या शाळेचं रजिस्टर मी तासन् तास चाळलंय. लाल रेघांचा जाड कागद, शाई तपकिरी पडलेली. अनुक्रमांक, नाव, वय, बापाची पलटण किंवा खातं, धर्मपंथ, फी कोण देणार, सोडल्याची तारीख, शेरा. मुलामुलींना एकच अनुक्रम, फक्त मुलीच्या नंबराखाली बारीक रेघ. ‘फी कोण देणार’ या रकान्यात अर्ध्याहून जास्त ठिकाणी संस्थेचंच नाव. एका पानावर लागोपाठच्या तीन नंबरांवर एकच आडनाव, वयं अकरा, आठ आणि पाच, मधला नंबर रेघेचा. शेऱ्यात थोरल्यापुढे ‘रेल्वे वर्कशॉप’, धाकट्यापुढे काहीच नाही, मुलीपुढे ‘विवाह’ आणि तारीख. ते पान मी दोनदा उघडलं, तिसऱ्यांदा उघडलं नाही.

भायखळा पुढे बदललं. गिरण्या आल्या, चाळी आल्या, धूर आला, १८९६ ला प्लेग आला. ज्या मोकळ्या हवेसाठी शाळा तिथे गेली होती ती हवाच उरली नाही. वसतिगृहाची शाळा उंचावर, कोरड्या हवेत न्यायचा विचार त्यातून झाला. देवळालीच का? रेल्वेच्या मुख्य मार्गावरचं ठिकाण, मुंबईहून काही तासांचा रस्ता, घाट चढून गेल्यावरची कोरडी हवा, आणि लष्कराची छावणी आधीपासूनची. (विलायतेला परतायच्या वाटेवरचे गोरे शिपाई इथे बोटीची वाट पाहत कुजत पडायचे. त्यावरून इंग्रजीत वेडसर माणसाला ‘डुलाली’ म्हणायची पद्धत पडली. देवळालीकरांना हे सांगितलं की ते हसतात, पण थोडं रागावूनच.) १९२३ मध्ये कोनशिला बसली, १९२५ मध्ये शाळा उघडली. नाव दिलं ११० वर्षांपूर्वीच्या आर्चडीकनचं. म्हणून बार्न्सने बार्न्स शाळा काढली नाही. संस्था बार्न्सची, शाळा त्याच्या नावाची, आणि तो देवळालीला कधी गेला असेल असं मानायला काही कारण नाही. तुम्हाला एकच साल हवं असेल तर १९२५ लिहा, आणि आडव्या रेघेपुढे १८१५.

देवळालीची शाळा मात्र मुलामुलींची. इथे अनाथांपेक्षा रेल्वे, तार, कस्टम या खात्यांतल्या अँग्लो-इंडियन नोकरदारांची पोरं जास्त. बदलीच्या नोकऱ्या, आडगावचे रेल्वे क्वार्टर, मग पोरांना बोर्डिंगात ठेवण्याशिवाय इलाज नव्हता. भाऊ-बहीण एकाच शाळेत, एकाच गाडीने सुट्टीला घरी. आईबापांना तेच सोयीचं. सहशिक्षण इथेही सोयीनेच आलं.

आता तुमच्या आईकडे येतो.

१९४७ नंतर या शाळांचा पाया हलला. अँग्लो-इंडियन कुटुंबं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे निघाली. जी राहिली त्यांच्यासाठी त्या समाजाचे पुढारी फ्रँक अँथनी यांनी घटना समितीत भांडून काही तरतुदी मिळवल्या. शाळांसाठी महत्त्वाचं कलम ३३७. पहिली तीन वर्षं या शाळांना पूर्वीइतकंच अनुदान, मग दर तीन वर्षांनी त्यात दहा टक्क्यांपर्यंत कपात करता येईल, दहा वर्षांनी बंद. आणि त्याला एक अट जोडली, जी फार थोड्यांना माहीत असते. शाळेने दरवर्षीच्या प्रवेशांपैकी निदान ४० टक्के जागा इतर समाजांच्या मुलांना खुल्या ठेवल्या तरच हे अनुदान. दार इतरांना उघडं ठेवणं ही शाळेची मेहेरबानी राहिली नव्हती, ती घटनेतली अट होती.

दुसरीकडे मुंबई राज्यात इंग्रजी मागे ढकलली जात होती. मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांच्या काळापासून साध्या शाळांत इंग्रजी आठवीपासून. त्या पिढीतले लोक अजून ‘आमचं इंग्रजी आठवीपासूनचं’ असं म्हणत हात झटकतात. डॉक्टर-इंजिनिअर व्हायचं तर कॉलेजात इंग्रजी लागणारच, हे पालकांना दिसत होतं. मग ज्यांना परवडेल ते अँग्लो-इंडियन शाळांकडे वळले. बार्न्समध्ये १९५३ च्या अखेरीला चारशेच्या वर विद्यार्थी होते आणि त्यांतले जवळजवळ निम्मे अँग्लो-इंडियन नव्हते.

आणि ६ जानेवारी १९५४ ला सरकारचा हुकूम निघाला. मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते. हुकूम असा की इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढे नवा प्रवेश फक्त ज्यांची भाषा इंग्रजी आहे त्यांनाच, म्हणजे अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाचे नागरिक. आधीपासून शिकत असलेल्यांना धक्का नाही, पण नव्याने येणाऱ्या मराठी, गुजराती, गोव्याच्या ख्रिस्ती मुलाला दार बंद. ख्रिस्ती असूनही बंद, हे लक्षात घ्या.

शाळेच्या दारात दोन पालक उभे राहिले. एक भारतीय ख्रिस्ती लष्करी अधिकारी, मुलीला घेऊन. दुसरा गुजराती हिंदू डॉक्टर, मुलाला घेऊन. शाळेने हुकुमावर बोट ठेवून दोघांनाही नाही म्हटलं. मग संस्था आणि पालक सगळेच मुंबई उच्च न्यायालयात गेले. १५ फेब्रुवारीला मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या खंडपीठाने हुकूम रद्द ठरवला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २६ मे १९५४ ला तिथेही हरलं. ‘मुंबई राज्य विरुद्ध बॉम्बे एज्युकेशन सोसायटी’ हा निवाडा अल्पसंख्याकांच्या शाळांचा विषय निघाला की वकिलीचं शिक्षण घेणाऱ्या मुलांना अजून वाचायला लावतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ही देवळालीतली शाळा आहे हे ठाऊक नसतं, आणि देवळालीकरांना हा निवाडा ठाऊक नसतो.

न्यायालयाने काय म्हटलं ते सोप्या भाषेत सांगतो. सरकारची बाजू अशी की आमचा हेतू चांगला, राष्ट्रभाषेला बळ द्यायचं आहे, भाषेवरून कुणाला हिणवायचं नाही. न्या. सुधीरंजन दास यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा की हेतू काहीही असो, मुलाला प्रवेश नाकारण्याचं कारण पाहा. कारण एकच, त्याची भाषा इंग्रजी नाही. सरकारी किंवा सरकारी मदतीच्या शाळेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांवरून प्रवेश नाकारू नये, हे कलम २९(२). सरकार म्हणालं, ते कलम अल्पसंख्याकांसाठी आहे, बहुसंख्याकांतल्या मुलाला त्याचा काय उपयोग? न्यायालय म्हणालं, कलमात ‘कोणताही नागरिक’ असं आहे, बहुसंख्याक समाजातला मुलगाही नागरिकच. सरकारने आणखी एक पळवाट सुचवली की शाळेने दुसऱ्या माध्यमाचे वर्ग काढावेत आणि ४० टक्के मुलं तिकडे घ्यावीत. तीही चालली नाही. घटना एका हाताने सांगते इतरांना घ्या, आणि राज्य दुसऱ्या हाताने म्हणतं घेऊ नका, असं कसं चालेल?

मला या निकालात वेगळीच गोष्ट दिसते. १८२० मध्ये याच संस्थेने ठरवलं होतं की गोऱ्यांच्या आणि देशी मुलांच्या शाळा एका गाडीला जुंपता येत नाहीत. पुढची सव्वाशे वर्षं तसंच चाललं. १९५४ मध्ये राज्य सरकार तीच रेघ पुन्हा ओढू पाहत होतं, आणि ती पुसायला कोर्टात उभी होती तीच संस्था. तत्त्व होतंच, पण पोटाचाही प्रश्न होता. अँग्लो-इंडियन मुलं कमी होत चाललेली, अनुदानाला ओहोटी लागणार हे लिहूनच ठेवलेलं, म्हणजे इतर समाजांतली फी भरणारी मुलं नसती तर शाळा चाललीच नसती. आणि मराठीच्या बाजूने विचार केला तर सरकारचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं का? माझं मत विचाराल तर दुखणं खरं, औषध चुकीचं. श्रीमंताच्या पोराला इंग्रजी शाळेच्या दारातून परतवल्याने गरिबाच्या मराठी शाळेला काय मिळणार होतं?

मुलगी म्हणून तुमच्या आईला वेगळी अडचण आली नसणार. शाळा मुलामुलींची होतीच, त्यावर वादच नव्हता. बघा, त्या दोन पालकांपैकी एकाने मुलगी आणली होती आणि एकाने मुलगा, पण दोन्ही न्यायालयांत सगळी भांडाभांड भाषेवर झाली. आजोबांना मुलांच्या शाळेत मुलगी घालायचं धाडस लागलं असेलच, पण सरकारी हुकुमापुढे ते धाडस लहानच होतं.

एवढ्यावरून तुमचं कोडं बहुतेक सुटेल, एक तारीख सोडून. आईचा शाळा सोडल्याचा दाखला असेल तर त्यावर ‘प्रवेश दिनांक’ पाहा. दाखला हरवला असेल तर शाळेकडे अर्ज करा, आईची सही जोडा, जन्मतारीख आणि लग्नाआधीचं पूर्ण नाव लिहा, आणि जनरल रजिस्टरच्या नोंदीचा उतारा मागा. तारीख ६ जानेवारीच्या आधीची निघाली तर आजोबांना नशिबाने साथ दिली, दार बंद व्हायच्या आत मुलगी आत गेली. फेब्रुवारीच्या मध्यानंतरची निघाली तर ती कोर्टाने उघडलेल्या दारातून आत गेलेल्या पहिल्या मुलींपैकी असू शकते. आणि मधल्या सहा आठवड्यांतली निघाली, तर उताऱ्याचा फोटो मला जरूर पाठवा. शेऱ्याच्या रकान्यात तेव्हाच्या कारकुनाने काय लिहिलंय ते मला वाचायचं आहे.